सीटीला तारीख विचारू नका

गैरसमज : स्कॅन बघून एआय रुग्णाचे उरलेले महिने सांगतो.

"आता स्कॅन एआयला घातला की किती दिवस राहिल्यात ते कळतंय म्हणं!" कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात, शिरोलीच्या कारखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही जा, हे ऐकायला मिळतं. मग घरातलं कुणीतरी फिल्म खिडकीपाशी धरून मोबाइलवर फोटो काढतं, चॅटबॉटला पाठवतं, आणि तो देईल तो आकडा संध्याकाळपर्यंत भावकीत पोचतो.

वस्तुस्थिती : सीटीतला प्रत्येक ठिपका हा मोजलेला आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००. फिल्मवर त्यातला थोडाच भाग करड्या छटांत छापला जातो, आणि मोबाइलच्या फोटोत तर आकडे उरतच नाहीत. खरं विश्लेषण सीडीतल्या मूळ डेटावर होतं. त्याला रेडिओमिक्स म्हणतात : गाठीचा आकार, कडा, आतला पोत यांची शेकडो मापं काढायची आणि रुग्णांचं पुढं काय झालं याच्याशी ताडून पाहायची.

या विषयातला गाजलेला अभ्यास ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर कम्युनिकेशन्स', २०१४. फुप्फुस आणि डोकं-मान कॅन्सरचे १,०१९ रुग्ण, ४४० मापं, त्यांतून निवडलेली चार. फुप्फुसाच्या रुग्णांच्या वेगळ्या गटावर तपासलं तेव्हा अचूकतेचा निर्देशांक आला ०.६५. म्हणजे दोन-दोन रुग्णांच्या शंभर जोड्या घेतल्या, तर कोण आधी दगावेल हे सुमारे ६५ जोड्यांत बरोबर. नाणं उडवलं तरी ५० येतात! आणि यात महिने कुठंच नाहीत, फक्त क्रम आहे.

पुढची गोष्ट आणखी बोलकी. २०१९ मध्ये टोरोंटोच्या मॅटिया वेल्च आणि सहकाऱ्यांनी त्याच डेटातल्या गाठींमधले ठिपके मुद्दाम विस्कटले. पोताचा पार चुथडा केला, तरी भाकीत जवळपास तेवढंच 'अचूक' राहिलं! कारण ती मापं प्रामुख्यानं गाठ केवढी आहे, एवढंच सांगत होती. गाठ मोठी तर धोका जास्त, हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होतं.

शिवाय मशीन बदललं, स्कॅनमधल्या कापाची जाडी बदलली, की मापंही बदलतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं बायो-इमेजिंग बँक उभारली, ती एआय आपल्याकडच्या रुग्णांवर घडावा म्हणून.

बरं, डॉक्टर सांगतात तो आकडा तरी काय असतो? ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या, आजार पुढच्या टप्प्यावर गेलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरील फ्लॉरा चाचणीत ओसिमर्टिनिब या गोळीवर मध्यक आयुर्मान ३८.६ महिने निघालं, आधीच्या गोळ्यांवर ३१.८. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. तुमचे आबा कुठल्या निम्म्यात, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. आणि औषध बदललं की आकडाही बदलतो, स्कॅन तोच असला तरी.

आता किरकोळ गैरसमज.

बायोप्सीची सुई लावली की कॅन्सर पसरतो : सुईच्या वाटेवर पेशी रुजणं अत्यंत दुर्मीळ. बायोप्सीशिवाय प्रकार कळत नाही, औषध ठरत नाही.

पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच : टीबीही चमकतो.

बिडी-सिगारेट नाही, मग कॅन्सर कसा : फौंड्रीतलं काम आणि सिलिकाची धूळ, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सरकारक ठरलेल्यांत आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री कामगारांनी हे विसरू नये.

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा : स्टेज कोणती? जनुकीय तपासणी झाली का? पेशंट स्वतःचं स्वतः किती करू शकतो, त्यावर कोणतं औषध झेपेल? जाताना फिल्मबरोबर सीडीही न्या. आणि चॅटबॉटनं दिलेले महिने पेशंटच्या कानावर घालू नका.