थंड पेयांतील साखर आणि हृदयाचे आरोग्य

उन्हाचा पारा चढू लागला की रसवंतीगृहांतील घुंगरांचा आवाज कानी पडतो आणि दुकानांतील फ्रीज रंगीबेरंगी बाटल्यांनी भरून जातात. मधुमेह असल्याने चहात साखर टाळणारी अनेक मंडळी अशा वेळी 'नुसता रसच तर आहे' असे म्हणत पेला रिकामा करतात. घोटाळा होतो तो इथेच.

कोला प्रकारच्या पेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीतून सात ते आठ चमचे साखर पोटात जाते. उसाच्या रसात तर शर्करेचे प्रमाण १३ ते १५ टक्क्यांच्या घरात असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आतच, अशी साखर घ्यावी. फळांचा रस 'नैसर्गिक' असला, तरी त्यातील साखरही या हिशेबात धरली जाते.

अख्खे फळ चावून खाल्ल्यास त्यातील चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पेयात हा अडसर नसतो. रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढते व ते आवरण्यासाठी स्वादुपिंडाला एकदम अधिक इन्शुलिन सोडावे लागते. शिवाय पेयाने पोट भरल्यासारखे वाटत नाही. त्यामुळे जेवण काही कमी होत नाही, उष्मांक मात्र वाढतात.

हृदयाशी याचा संबंध यकृतामार्फत येतो. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि त्यावर मुख्यत्वे यकृतात प्रक्रिया होते. ते सतत अधिक प्रमाणात येत राहिल्यास यकृत त्याचे चरबीत रूपांतर करते. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स वाढतात, पोटाचा घेर वाढतो, इन्शुलिनचा प्रभाव कमी होत जातो. अमेरिकेत परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २००९ मधील अहवालात, रोज दोन वा अधिक गोड पेये घेणाऱ्या महिलांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखविले, हे पाहता हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

गंमत अशी, की औषधांमुळे साखर एकाएकी घसरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर मधुमेहींना हेच गोड पेय तातडीने देतात; कारण ते लगेच रक्तात भिनते. त्या प्रसंगी जो गुण, तोच एरवी दोष.

तहानेला पाणी आणि ताक आहेच. कोकम सरबत करताना साखरेच्या पाकातील अमृत कोकमाऐवजी आगळ वापरता येते. आगळात मीठ मात्र भरपूर असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.