पॉइंटर कास्ट : कम्पायल झाले म्हणजे नियमात बसले का?

पॉइंटरला कास्ट लावला की तो पॉइंटरच दुसऱ्या प्रकारचा होतो, हा सी भाषेतला जुना गैरसमज आहे. कास्टमधून हाती येते ते फक्त एक मूल्य. त्याला स्वतःची जागा नसते, त्यामुळे त्यात काही साठवता येत नाही आणि ते वाढवताही येत नाही. तरी जुन्या कोडमध्ये '*((इंट *)पी)++ = क्ष;' अशा ओळी सापडतात. पी हा 'चार' (char) प्रकारचा पॉइंटर. त्या जागी एक इंट लिहायचा आणि तेवढेच पुढे सरकायचे, हा त्यामागचा हेतू. जीसीसी हा कम्पायलर हे वर्षानुवर्षे खपवून घेत असे. 3.4 आवृत्तीने ही सवलत मोडीत काढण्याची सूचना दिली आणि 2005 मध्ये आलेल्या 4.0 ने ती काढूनच टाकली. कम्पायलरने चांगला कोड बिघडवला, ही तक्रार इथे टिकत नाही, कारण मानकाच्या दृष्टीने तो कोड कधीच वैध नव्हता.

यावर सुचवला जाणारा '(*(इंट **)&पी)++' हा तोडगा मूळ दुखण्यापेक्षा वाईट. आधीची ओळ निदान एरर देऊन थांबते. ही कम्पायल होते, पण चार पॉइंटरची जागा इंट पॉइंटर समजून बदलते, आणि ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर गुपचूप चुकू शकते. सरळ मार्ग दोन ओळींचा आहे: मेमसीपीवाय वापरून मूल्य लिहावे, मग पी इंटच्या आकाराएवढा पुढे न्यावा.

पॉइंटरच्या कास्टने डेटा बदलतो, असेही समजले जाते. 1.0 हे मूल्य असलेल्या फ्लोट एफवर '(इंट)एफ' लिहिले तर 1 मिळतो. '*(इंट *)&एफ' लिहिले तर नेहमीच्या 32 बिटी मांडणीत 1065353216 दिसण्याची अपेक्षा असते, कारण बिट तेच राहून फक्त वाचन बदलते. मात्र असे वाचन मानकात बसत नाही. जीसीसी -ओ2 पातळीपासून गृहीत धरतो की इंट आणि फ्लोटचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत. लिनक्स कर्नल हे गृहीतक मुद्दाम बंद करून बांधला जातो.

मानकाबाहेरचे ते सगळे त्याज्य, हे दुसरे टोक. व्हॉइड पॉइंटरमध्ये एक मिळवणे मानकाला मान्य नाही. जीसीसी व्हॉइडचा आकार 1 धरून ते करतो आणि तसे आपल्या दस्तऐवजात नोंदवतो. मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर तिथेच एरर देतो. फंक्शनचा पत्ता व्हॉइड पॉइंटरमध्ये मावेलच, अशी हमी सी देत नाही. 8086 च्या मीडियम मेमरी मॉडेलमध्ये कोडचे पॉइंटर 32 बिटांचे आणि डेटाचे 16 बिटांचे असत. उलट पॉसिक्स या प्रणाली-मानकातले डीएलसिम फंक्शनचा पत्ता व्हॉइड पॉइंटर म्हणूनच परत देते, म्हणून पॉसिक्स प्रणालींना हे रूपांतर चालवावेच लागते. अशा वेळी आधार सी मानकाचा नसून पॉसिक्सचा आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

राहिला '-एसटीडी=सी11' दिले की सगळे एक्सटेन्शन बंद होतात हा समज. तसे होत नाही. नियमभंगावर एरर हवी असेल तर '-पेडँटिक-एरर्स' जोडावे लागते. फ्लोट इंट म्हणून वाचणाऱ्या ओळीवर मात्र तोही पर्याय गप्प बसतो: तिथे कम्पायलरने दखल घ्यावी असे मानकाचे बंधनच नाही.