कॉर्डिसेपिन आणि त्याला जपणारं जनुक

पतंगाच्या कोषातून उगवलेली नारिंगी, गदेसारखी दांडी पाहिलीत? ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, कीटकांना मारणारी बुरशी. तिच्यातलं कॉर्डिसेपिन हे संयुग बनतं सीएनएस१ आणि सीएनएस२ या जनुकांमुळे. पण एक विकर त्याला लगेच निकामी करतं. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं, की शेजारचंच सीएनएस३ पेंटोस्टॅटिन बनवतं आणि ते थेट त्या विकरालाच रोखतं. केवढी अफाट योजना! पेंटोस्टॅटिन साचलं, तर सीएनएस४ ते पेशीबाहेर टाकतं. हेच पेंटोस्टॅटिन एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून वापरतात.

आणि हो, हिमालयातल्या महागड्या कीडाजडी या बुरशीच्या जनुकसंचात या संशोधकांना ही चौकडी सापडलेली नाही. तेव्हा कॉर्डिसेपिनसाठी म्हणून कीडाजडीवर पैसे घालवू नका.