ताटाच्या अलीकडचा फोटो

अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशातली आखाजी, आली की तापीच्या दोन्ही काठांवरच्या घरांतून मोबाइलवर एकच चित्र फिरायला लागतं. स्टीलच्या ताटात पुरणाचा मांडा, शेजारी वाटीत आमरस, कडेला भजी किंवा कुरडई. बऱ्हाणपूर, त्याच्या समोरच्या काठावरचं जैनाबाद, खाली रावेर आणि मुक्ताईनगर; मध्ये दोन राज्यांची हद्द आहे, ताट मात्र तेच. फोटो छान असतो, पाहणाऱ्याला भूक लागते, खाली अंगठे आणि हृदयं जमतात. फक्त त्या फोटोतून मांडा कळत नाही. चार पदरी घडी घातलेला मांडा फोटोत घडीच्या रुमालासारखा दिसतो, आणि त्याचं सगळं मांडेपण त्या घडीच्या आधी घडून गेलेलं असतं. गहू ओलवून दळायचे, ते पीठ वस्त्रगाळ करायचं, मिठाच्या पाण्यात भिजवून तेलाच्या हातानं इतकं तिंबायचं की ते ओढलं तरी तुटू नये. मग पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर टाकत तळव्यापासून कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. हे जिला येतं, तिच्या हातांचा फोटो कुणी काढत नाही. मांडा ताटात आला की फोन बाहेर येतो.

बऱ्हाणपुरात ही अडचण दुहेरी आहे. कारण तिथल्या बाजारात मांडे म्हणून मिळतात ते वेगळेच. त्यांत पुरण नसतं; ते रुमाली रोटीच्या जातीचे, अवाढव्य, उलट्या कढईवर भाजलेले, बहुधा पुरुष कारागिरांनी केलेले आणि लग्नाच्या पंगतीत रश्शाबरोबर खाल्ले जाणारे. एक पदार्थ घरातल्या बायकांचा आणि सणाचा, दुसरा कारागिरांचा आणि दावतीचा. घडी घातल्यावर दोन्ही फोटोत सारखेच. ज्याला माहीत आहे त्याला फरक कळेल, पण ज्याला माहीत आहे त्याला फोटोची गरज काय? म्हणून या लेखाचं म्हणणं एवढंच, की घरच्या जेवणाचे आणि प्रवासाचे फोटो खुशाल काढावेत, पाठवावेत. मात्र फोनचा रोख ताटाच्या अलीकडे, चुलीकडे वळवावा आणि फोटोखाली दोन ओळी लिहाव्यात. सगळीकडेच हे बरं, पण बऱ्हाणपूरसारख्या कडेच्या मुलखात ते जास्त निकडीचं आहे.

निकडीचं का, ते इतिहासाकडे पाहिलं की दिसतं. फारुकी सुलतानांची ही राजधानी, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. इथे आलेल्या परक्यांनी लिहिलं नाही असं नाही. इंग्रज वकील टॉमस रो १६१५मध्ये इथे शहजादा परवेझला भेटला, त्याची हकिगत आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानं इथल्या झिरझिरीत, जरीकाठी कापडाची वर्णनं केली आणि ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत कसं जातं ते नोंदवलं. व्यापार आणि दरबार कागदावर आले, चूल आली नाही. पुढे १९५६च्या राज्य पुनर्रचनेत निमाड मध्य प्रदेशात राहिला आणि २००३मध्ये पूर्व निमाड जिल्ह्यातून बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. मध्य प्रदेशाचं खाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इंदूरचे पोहे आणि जिलबी येते. मराठी पाकपुस्तकांची परंपराही या काठापर्यंत फारशी पोचलेली नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१०मध्ये आलं, ते मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातून. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७०पासून वाटी-चमच्याच्या मापानं पिढ्या घडवल्या, पण खापर तापलं हे ओळखायचं कसं, ही विद्या वाटी-चमच्यात मावणारी नाही. दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या घरांच्या जेवणाची नोंद आज कुठे होत असेल तर ती त्यांच्याच फोनमध्ये. आणि ती नोंद निव्वळ ताटांची होते आहे.

त्यातही सगळ्या ताटांना सारखा न्याय मिळत नाही. फोटोला रंग लागतो, उंची लागते, चकाकी लागते. बऱ्हाणपूरची मावा जिलबी फोटोत मिरवते. भरीत बिचारं मागे पडतं. खानदेशी भरताची हिरवी वांगी एवढी नामांकित, की जळगावच्या भरीत वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, सोलतात, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचतात. चवीला त्याच्यापुढे फार थोडे पदार्थ उभे राहतील. फोटोत मात्र तो हिरवट-तपकिरी गोळा, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी म्हणजे काळसर चकती. मग ते पाठवलं जात नाही. रोजचं जे खाणं ते अदृश्य होतं आणि सणाचं किंवा विकतचं जे खाणं तेच ‘आमच्याकडचं जेवण’ म्हणून बाहेर जातं. फोन चुलीकडे वळवला की हा अन्याय आपोआप कमी होतो, कारण तयार भरतापेक्षा काड्यांच्या जाळातलं वांगं कितीतरी देखणं असतं. करपलेली साल, तिच्यातून निघणारी वाफ, सोलणाऱ्या बोटांची घाई, यांत पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

फोटो काढण्यानं आठवण पक्की होते की पुसट होते, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे आणि त्यातून या म्हणण्याला आधार मिळतो. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या पाहायला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले त्या विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. पण ज्या वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला होता, तिची आठवण शाबूत राहिली, तीही त्या भागापुरती नव्हे, अख्ख्या वस्तूची. लक्ष कशावर खिळलं याला महत्त्व, बटण दाबण्याला नाही. अख्खं ताट वरून टिपणं आणि खापराच्या कडेशी टेकलेली बोटं टिपणं यांत हाच फरक आहे. दुसरा अभ्यास २०१८मधला, बाराश, झाउबरमान आणि डील यांचा. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणाऱ्यांपेक्षा इतरांना दाखवण्यासाठी काढणाऱ्यांना त्या प्रसंगाचा आनंद कमी मिळतो, कारण आपण कसे दिसू ही चिंता मध्ये येते, असं त्यांना दिसलं. फोटो कुणासाठी आहे, जवळच्यांसाठी की दूरच्या ओळखीच्यांसाठी, यानंही या परिणामात फरक पडतो. संग्रहालय म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, आणि हे प्रयोग खानदेशात झालेले नाहीत, हे मान्य. तरी घरच्या गटावर टाकायचा फोटो आणि जगाला दाखवायचा फोटो वेगळा ठेवावा, एवढं त्यातून निघतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता रीलचा जमाना आहे, कृतीचे व्हिडिओ ढिगानं पडलेत, फोटोचं काय घेऊन बसलात? व्हिडिओत हालचाल दिसते, हे खरं आणि मांड्याच्या बाबतीत मोलाचंही. पण रील अर्ध्या मिनिटाचा असतो आणि तेवढ्यात बसण्यासाठी नेमकं जे कापलं जातं ते म्हणजे वेळ. पीठ किती वेळ मुरलं, खापर किती वेळ तापलं, पहिला मांडा फाटला तेव्हा पिठात काय घातलं, हे सगळं कात्रीत जातं. फाटलेला मांडा तर कुणीच दाखवत नाही, आणि शिकणाऱ्याला त्याचाच उपयोग सर्वांत जास्त. दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे. लोक आनंदासाठी फोटो पाठवतात. लेकीला, परगावच्या भावाला आठवण म्हणून पाठवतात. त्याला दस्तऐवजाचं ओझं कशाला? ओझं नकोच. पण पुण्याला किंवा सुरतेला राहणाऱ्या लेकीला ताट बघून जे वाटतं ते बहुतेक हळहळ असतं. आईनं पीठ तिंबताना काढलेला फोटो आणि ‘एक किलो डाळीला गूळ एवढा’ अशी एक ओळ तिला मिळाली, तर ती पुढच्या रविवारी परातीत हात घालू शकते.

प्रवासाच्या फोटोंचं दुखणं वेगळं दिसत असलं तरी मूळ तेच. जैनाबादचा आहूखाना घ्या. मोगलांची ही मृगया-बाग. १७ जून १६३१ला बऱ्हाणपुरात बाळंतपणात मुमताज महल गेली, तेव्हा तिला आधी इथे, जैनाबादच्या बागेत पुरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं. याच बागेत आंब्याच्या फांदीकडे हात उंचावणारी हिराबाई शहजादा औरंगजेबाच्या नजरेस पडली, अशी जुन्या ग्रंथांत कथा आहे. ‘जैनाबादी’ हे तिचं नाव इथलंच. आज तिथून येणारे फोटो कमानीत उभ्या राहिलेल्या माणसांचे असतात आणि खाली बहुतेक एकच मजकूर: ताजमहाल इथेच व्हायचा होता. दंतकथा म्हणून ती सांगायला हरकत नाही. गोष्ट अशी, की फोटो जोडला की दंतकथेला पुराव्याचं वजन येतं. एरिन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवून दिलं, की विधानाशेजारी नुसतं संबंधित चित्र असलं, त्यानं काहीही सिद्ध होत नसलं, तरी लोक ते विधान खरं मानण्याकडे झुकतात. म्हणून कमानीखालचा फोटो काढणाऱ्यानं तारीख आणि जागा लिहिली, पडकी भिंतही चौकटीत घेतली, तर तो फोटो पुढे त्या वास्तूच्या अवस्थेची साक्ष होतो. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, म्हणजे तिथली जुनी भुयारी पाणीयोजना, २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. नदीपलीकडच्या आहूखान्याकडे तेवढी नजर कुणाची नाही, तेव्हा ये-जा करणाऱ्यांचे फोन हीच त्याची पाहणी.

हे लिहून ठेवायचं ते फोटोजवळच, कारण मोबाइलवर आपोआप नोंदली गेलेली तारीख आणि जागा व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवताना गळून पडते, चित्रही आकसतं. मूळ फोटो कुठेतरी वेगळा ठेवलेला बरा. जागेची नोंद गळणं घरच्या फोटोच्या बाबतीत सोयीचंही आहे. सगळे गावाला गेलेत आणि घराला कुलूप आहे, हे चौकाला कळवण्याचं कारण नाही. सहलीचे फोटो परतल्यावर पाठवले म्हणून शिळे होत नाहीत. दृष्ट लागते म्हणून भरलं ताट दाखवू नये, असं म्हणणाऱ्या आजीबाईंना मात्र माझा अर्धा पाठिंबा आहे. दृष्टीचं सोडा, पण दुसऱ्याच्या घरात काय शिजलं नसेल याचं भान त्या म्हणण्यात आहे.

सगळ्यांत खरा आक्षेप चुलीपुढच्या बाईचा आहे. घामाघूम, पदर खोचलेला, केस विस्कटलेले. अशा वेळी कुणाला फोटो हवा असतो? ताट सजलेलं असतं म्हणूनच त्याचा फोटो निघतो, तिचा निघत नाही. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा घरगुती कामासाठीच्या वापराला लागू होत नाही, म्हणजे इथे कायदा फारसा मध्ये येणार नाही. विचारायचं ते आपणच. फक्त हात टिपावेत, चेहरा नको, हा एक मार्ग आहे आणि मांड्याला तो पुरतोही. फोटो गटावर टाकण्याआधी तिला दाखवावा, खाली नाव घालायचं की नाही ते तिनं ठरवावं. आणि ती ‘नको’ म्हणाली तर फोन खिशात ठेवून खापर कुठल्या कुंभाराकडून आणलं, ते तापलं हे ती कशावरून ओळखते आणि पुरणात जायफळ किती घालते, एवढं वहीत उतरवून घ्यायला तिची सहसा ना नसते.