न जुळणारे भाग

वाफेच्या आगगाडीच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती स्वतःच्या हातांनी तयार करण्याचा छंद इंग्लंडमध्ये पुष्कळांना आहे. त्यासाठी पितळी पत्र्याचे तुकडे, मऊ मिश्रधातूचे ओतीव भाग, चाके व आस यांचा संच विकत मिळतो. तेथील एका प्रचलित मापात खऱ्या इंजिनाच्या एका फुटासाठी ४ मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सुमारे ७६ व्या हिश्शाएवढी होते.

संचातील सर्व भाग एकमेकांत सहज बसतील, असे आपल्याला वाटते. परंतु पुष्कळदा ते बसत नाहीत. पाव मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसतही नाही. पण खऱ्या इंजिनाच्या मापात तीच १९ मिलिमीटर होते. अशा वेळी भाग दाबून किंवा ठोकून बसवण्याचा मोह होतो. मुलांनो, हा मोह आवरला पाहिजे. बळजबरीने पत्रा वाकतो, ओतीव भाग मोडतो आणि मूळची चूक तशीच राहते.

प्रथम साधी कारणे शोधावीत. ओतीव भागाला कधी धातूची पातळ कड चिकटलेली असते. पत्र्याच्या काठावर कंगोरा राहिलेला असतो. बारीक कानशीने तो हलकेच घासावा व भाग पुन्हा लावून पाहावा. घासलेला धातू परत येत नाही. म्हणून थोडे घासावे आणि वारंवार पाहावे. डाख देऊन भाग कायमचे सांधण्यापूर्वी ते एकदा नुसते जुळवून पाहणे केव्हाही चांगले.

खरी कसोटी लागते ती चाकांपाशी. इंजिनाची मोठी चाके दोन्ही बाजूंना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. दांड्याची भोके चाकांवरील खुंट्यांत बसतात. दांडे लावल्यावर चाके अडू लागली, तर दोष दांड्याचाच असे आपण समजतो व त्याची भोके रुंद करू लागतो. तसे न करता दांडे काढून ठेवावेत आणि चाकांची प्रत्येक जोडी एकटी फिरवून पाहावी. ती अडली, तर दोष आसाच्या छिद्रात किंवा सांगाड्यात आहे. सांगाडा काचेवर ठेवावा. तो डुगडुगला, तर पिळला आहे असे समजावे. जोड्या मोकळ्या फिरत असतील, तर एकाच बाजूचा दांडा लावावा. आता चाके अडली, तर आसांमधील अंतर व भोकांमधील अंतर सारखे नाही. दुसऱ्या बाजूचा दांडा लावल्यावरच ती अडली, तर ते अंतरही तपासावे. ते बरोबर निघाले, तर खुंट्यांचा कोन चुकला आहे. डाव्या व उजव्या खुंटीत काटकोन असावा लागतो, आणि तो सर्व जोड्यांत तंतोतंत सारखा असावा लागतो.

अशा रीतीने दोष जेथे सापडेल, तेथेच तो दुरुस्त करावा. सांगाडा चुकला असेल, तर डाख वितळवून तो पुन्हा जुळवावा. केसाएवढाच अडथळा उरला असेल, तर मात्र भोक किंचित रुंद करावे. ते फार रुंद केले, तर दांडे सैल होऊन चाके धक्के देत फिरतात.

खऱ्या वाफेच्या इंजिनाच्या इतिहासातही हेच घडले आहे. जेम्स वॅट याने १७६९ मध्ये आपल्या सुधारलेल्या इंजिनाचे पेटंट घेतले. परंतु त्याचा सिलिंडर आतून नीट गोल नव्हता. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटत असे. चिंध्या, बूच अशा वस्तू फटीत भरूनही ती थांबेना. जॉन विल्किन्सन याने तोफा आतून कोरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट १७७४ मध्ये घेतले होते. पुढच्याच वर्षी त्याने वॅटसाठी नेमक्या मापाचा सिलिंडर कोरून दिला, आणि १७७६ मध्ये वॅटची इंजिने कामाला लागली. फट बुजवून जे साधले नाही, ते सिलिंडर सुधारल्याने साधले.

अडलेले चाक दोष असल्याचे दाखवते. तो कोठे आहे, हे आपणच शांतपणे शोधून काढायचे असते. ज्याला हे साधते, त्याच्या हातचे छोटे इंजिन रुळांवरून न अडखळता धावते.