चादरी, कोट आणि बंद मिल

अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल. १९७४च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या १०३ आजारी गिरण्यांत वऱ्हाडातल्या या तिन्ही होत्या. पुढे अचलपूरला आलेली फिनले मिल मार्च २०२०च्या टाळेबंदीत थांबली.

काम जातं तेव्हा पगाराबरोबर मानही जातो, हे युरोपच्या पडद्याने लवकर ओळखलं. मुर्नाऊच्या ‘द लास्ट लाफ’मध्ये (जर्मनी, १९२४) हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाला प्रसाधनगृहात कामाला लावतात. गणवेशाचा रुबाबदार कोट गेला, हेच त्याचं खरं दुःख. घरच्या लग्नात मिरवायला तो तोच कोट चोरतो!

डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (इटली, १९४८) नवऱ्याला कामासाठी लागणारी गहाण सायकल सोडवायला बायको अंथरुणावरच्या चादरी गहाण टाकते. कापड विणणाऱ्या गावांना हे दृश्य जास्तच लागतं. नायक झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरचा कारखाना कामगार होता. चित्रपटानंतर त्याचीही नोकरी गेली.

मराठीत जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी केलेला ‘लालबाग परळ’ (२०१०) यांनी मुंबईचं गिरणगाव दाखवलं. अकोला-अचलपूरच्या मिलकामगाराच्या घरावरही असाच सिनेमा व्हायला हवा, वऱ्हाडी बोलीतच.