देवबागचा वाळूचा दांडा

राकसकोपच्या बाजूची आपली मार्कंडेय नदी पूर्वेकडे वाहते. घटप्रभा आणि कृष्णेच्या वाटेने तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. मग अरबी समुद्राकाठच्या वाळूविषयी बेळगुंदीत कशाला बोलायचे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आंबोली घाट उतरून तारकर्ली-देवबागला जाऊन आलेली कितीतरी घरे आपल्या भागात आहेत. जिथे आपण पाहुणे म्हणून जातो, त्या जमिनीची प्रकृती आपल्याला ठाऊक असावी.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीपासून देवबागपर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी गेली आहे. तिच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्लीची खाडी. नकाशा उघडून पाहा. कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते, पण सरळ त्याला मिळत नाही. किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वळते आणि देवबागच्या टोकाशी, भोगव्याच्या समोर, समुद्रात शिरते. तिला वळवणारी ही पट्टी वाळूची आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘वाळूचा दांडा’ शिकलो, तो हाच.

तो घडतो कसा? लाटा किनाऱ्यावर तिरप्या चढतात, पण परतणारे पाणी सरळ उताराने खाली येते. त्यामुळे वाळूचा कण दर लाटेला किंचित पुढे सरकतो. असा प्रवास करत आलेली वाळू नदीच्या मुखाशी, प्रवाहाचा जोर मंदावतो तिथे, साचत जाते. पुळणीवरची कोरडी वाळू वारा उचलतो आणि मागे टेकड्या रचतो. आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची मर्यादवेल ती वाळू धरून ठेवते.

या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची मुदत ठेव. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करतात. त्यावर पुढच्या लाटा फुटतात, त्यांचा मार हलका होतो. समुद्र निवळला की तीच वाळू हळूहळू परत येते. टेकडी सपाट करून तिथे खोल्या बांधल्या, की द्यायला ठेवच उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोन्ही बाजूंना खारे पाणी असताना अशा पट्टीवरच्या विहिरीला गोडे पाणी लागते, कारण वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगते. शास्त्राचा ठोकताळा असा, की गोडे पाणी समुद्रसपाटीच्या जेवढे वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खाली. म्हणजे उपशाने पातळी एक वीत उतरली, तर खालचे खारे पाणी चाळीस विती वर सरकू पाहते. विहीर एकदा खारटली की लवकर सुधारत नाही.

देवबागकरांना दर पावसाळ्यात समुद्राच्या माराची धास्ती असते. म्हणून दगडी बंधारे घातले जातात. घर वाचवण्यासाठी कधी ते करावेच लागते. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट समोरची वाळू उकरते, आणि बंधारा संपतो तिथे धूप वाढते. दुखणे एका अंगातून दुसऱ्या अंगात ढकलले, तर रोगी बरा झाला असे आम्ही डॉक्टर म्हणत नाही. खाडीतून बांधकामासाठी वाळू उपसतानाही हाच विचार हवा. ती वाळू फुकट पडलेली नसते, ती पुढे कुठेतरी निघालेली असते.

रामेश्वरला गेलेल्यांनी धनुष्कोडी पाहिले असेल. तेही वाळूच्या निमुळत्या टोकावरचे गाव. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात ते उद्ध्वस्त झाले, रेल्वेगाडी प्रवाशांसह वाहून गेली. वाळूवरची वस्ती समुद्राशी जमवून घेऊनच टिकते.

कायदा आहे. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई आहे. 2019 च्या अधिसूचनेतही टेकड्या सर्वाधिक जपणुकीच्या वर्गात आहेत. पण कायद्याला गिऱ्हाइकाची साथ लागते, आणि गिऱ्हाईक आपण आहोत. पुढच्या वेळी खोली ठरवताना ती टेकडी तोडून बांधली आहे का, हे विचारा. गाडी पुळणीवर नेऊ नका, वेल तुडवू नका, नळ जपून सोडा. आपण दोन दिवस राहून परततो. तिथल्यांना त्याच विहिरीचे पाणी वर्षभर प्यायचे असते.